पोट घेऊन कोल्हापूरला

मलकापूरहून कोल्हापूरला जाताना वाटेत काय बघावं, हे सांगणारी माणसं ढिगानं आहेत. वाटेत कुठं उतरावं आणि किती वेळात परत यावं, हे सांगणारा मी एकटाच. चार महिन्यांत त्या रस्त्यावरचं प्रत्येक झुडूप मी पाठ केलं आहे.

लिहायचं कारण एवढंच, की परत आल्यापासून जो तो ओट्यावर येऊन बसतो आणि विचारतो, "आप्पा, दुसऱ्या माणसाचं तुमच्या पोटात घातलं म्हणं? खरं काय ओ?" पहिल्याला नीट सांगितलं. दुसऱ्याला थोडक्यात सांगितलं. तिसऱ्याला शिवी हासडली. मग म्हटलं, एकदा लिहून काढू आणि वही ओट्यावर टाकू. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही निम्मी म्हशींच्या मागं. अक्षराला हसू नये. आणि ज्याला किळस येते त्यानं इथंच वही मिटून घरी जावं.

निघण्याआधीचं

म्हशीनं माझ्या पायावर पाय दिला, तिथनं हे सुरू झालं. जखम चिघळली. डॉक्टरनं पू काढला, कॅप्सूल दिल्या, पाय बरा झाला. इथवर डॉक्टरचं काम. पुढचं माझं. चार कॅप्सूल उरल्या होत्या, त्या मी जपून ठेवल्या. दात दुखला, खाल्ली. खोकला आला, खाल्ली. संपल्यावर तसलंच पाकीट दुकानातनं आणलं. ज्या गोळीनं एवढा मोठा पाय बरा केला तिला एवढासा दात काय जड, असा माझा विचार. हौसा असती तर पाकीट चुलीत गेलं असतं. पण हौसा, म्हणजे माझी बायको, दोन वर्षांमागं वारली. तिच्यामागं चूलही थंडच. सकाळी चहा-खारी, दुपारी चहा-बटर, संध्याकाळी कुणी भाकरी आणून दिली तर दिली.

मग एक दिवस पोट सुटलं. सुटलं म्हणजे दावं तोडून सुटलं. दिवसाला बारा-चौदा वेळा, पोटात कळ, अंगात कणकण. आमची लेक शोभा कोल्हापुरात असते, तिच्याकडं गेलो. तिथल्या दवाखान्यात औषध दिलं, थांबलं. घरी आलो, पंधरा दिवसांत परत. परत औषध, परत थांबलं, परत सुटलं. धोतर कमरेला ठरेना. दाढी करायला आरशात बघितलं, तर आत माझा बाप बसलेला, तोही शेवटच्या दिवसातला. शोभाचा फोन आला, "आप्पा, डॉक्टर म्हणत्यात आता दुसरा उपाय करायला पायजे. असंच चाललं तर तुमी जाशीला."

जायला माझी ना नव्हती. पण असं जायची लाज वाटत होती. लोक विचारणार, आप्पा कशानं गेलं? आणि कुणीतरी सांगणार.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कळेल. सवाष्ण बाई गेली की तिला माहेरचं हिरवं लुगडं नेसवून न्यायचं असतं. हौसाचं माहेर हुपरी. तिचा धाकटा भाऊ बाळू तिथं घरातच चांदीचे पैंजण करतो. हौसा गेली त्या दिवशी बाळू लुगडं घेऊन आला, तेव्हा चिता पेटून अर्धा तास झाला होता. लुगडं त्याच्या हातात तसंच राहिलं. तेराव्याला सगळ्या भावकीसमोर मी त्याला म्हणालो, "बाळू, तुझ्या घरचा घास माझ्या पोटात गेला, तर मी हौसाचा नवरा न्हाय." तो पान तसंच ठेवून उठून गेला. त्यानंतर दोन वर्षं हुपरीचं नाव आमच्या घरात निघालं नाही.

मलकापूर ते कोल्हापूर

सकाळची गाडी. मी कंडक्टरच्या मागची, दाराजवळची जागा धरली. पहिली कळ आली तेव्हा गाडी जेमतेम गावाबाहेर पडलेली.

"मास्तर, गाडी जरा थांबवा."

थांबवली. एका पुलाखाली जाऊन आलो. दहा मिनिटांनी परत.

"मास्तर, गाडी थांबवा."

"आप्पा, आत्ता तर थांबवली की ओ!"

"ती मघाची. ही आत्ताची."

तिसऱ्या वेळी सगळ्या गाडीला माझं दुखणं कळलं. आणि आपल्याकडं एकदा दुखणं कळलं की औषध सांगितल्याशिवाय माणूस गप्प बसत नाही. पुढची बाई म्हणाली डाळिंबाची साल. मागचा पावणा म्हणाला सुंठ आणि गूळ. एक म्हातारी म्हणाली, "ह्ये आजारपण न्हवं, कुणीतरी केलंय." मी म्हटलं, "मावशे, केलं असंल तर लई मन लावून केलंय." चौथ्या वेळी मी उसातनं परत आलो तर अख्ख्या गाडीनं टाळ्या वाजवल्या. कंडक्टरनं घंटी दिली आणि ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "चला, पावणं मोकळं झालं!"

ज्याला ह्या रस्त्यानं अशा पोटानं जायचं असेल त्यानं ऊस तुटायच्या आधी जावं. तोडणी झाली की आडोसा संपतो. पुढं पेट्रोल पंप आहे, तिथला माणूस चांगला, विचारत नाही. पंचगंगेचा पूल आला की मात्र दात आवळून बसायचं, तिथनं शहर लागतं आणि शहरात झुडूप नसतं.

कोल्हापूर, लेकीचं घर

शोभाचं घर तिसऱ्या मजल्यावर. घर चांगलं, पण एक गोष्ट माझ्या डोक्यात कधी शिरली नाही. स्वयंपाकघराला लागून संडास. इकडं फोडणी, तिकडं आपण, मध्ये चार इंचाची भिंत. आमच्याकडं संडास घरापासून जितका लांब तितकं घर खानदानी. इथं मी आत बसलेलो आणि शोभा बाहेरनं विचारणार, "आप्पा, भातावर तूप घालू का?" काय उत्तर द्यायचं माणसानं? मात्र त्या दिवसात ते चार पावलांवरचं सुख होतं, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी दवाखाना. डॉक्टरीणबाई तरुण, माझ्या नातीच्या वयाच्या वाटाव्यात अशा. समोर कागद ओढला आणि त्यावर आतड्याचं चित्र काढलं. चित्र चांगलं नव्हतं, गांडुळासारखं दिसत होतं.

"काका, आपल्या आतड्यात कोट्यवधी जंतू राहतात."

"बाई, मी रोज आंघोळ करतो."

"तुमच्याच नाही, सगळ्यांच्या. माझ्याही." त्या हसल्या. "आणि ते असावेतच लागतात. भाकरीतला, भाजीतला जो चोथा आपल्याला पचत नाही तो ते खातात. त्यातनं आतड्याच्या अस्तराला खाद्य मिळतं. आणि ते जागा अडवून बसलेले असतात म्हणून वाईट जंतूंना शिरायला जागा मिळत नाही. तुम्ही कॅप्सूल खाल्ल्यात त्यांनी जखमेतले जंतू मेले, पण पोटातले हे चांगलेही मेले. एक वाईट जंतू आहे, तो मात्र बीज करून लपून राहतो. रान मोकळं मिळालं की तोच पहिला उगवतो. औषधानं दबतो, औषध थांबलं की परत."

मी म्हटलं, "म्हणजे लव्हाळा."

"काय?"

मग मी त्यांना समजावलं. रानात तण झालं म्हणून एखादा शहाणा परत परत तणनाशक मारतो. सगळं जळतं. गवत जातं, पालेभाजी जाते, बांधावरचा माठसुद्धा जातो. आठ दिवसांनी बघावं तर सगळ्या रानात एकटा लव्हाळा उभा. त्याची गाठ खोल जमिनीत असते, तिला काय होत नाही. आता परत फवारलं तर परत तेच.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "अगदी हेच. मग तुम्ही काय करता अशा रानात?"

"शेणखत घालतो, दाट पीक घेतो. लव्हाळ्याला ऊनच मिळू देत न्हाय."

"आम्हीही तेच करणार आहोत," बाई म्हणाल्या, आणि शोभाकडं बघितलं. शोभानं खिडकीकडं बघितलं. मग बाईंनी सांगितलं. निरोगी माणसाची विष्ठा घ्यायची, तपासायची, पाण्यात कालवून गाळायची आणि दुर्बिणीच्या नळीनं माझ्या आतड्यात सोडायची. त्यातले चांगले जंतू तिथं वस्ती करतात.

सत्तरी ओलांडली, बरंच ऐकलं, हे ऐकलं नव्हतं. शेवटी विचारलं, "नळी कुठनं घालणार?"

"मागनं."

"मग हरकत न्हाय," मी म्हटलं. तोंडानं असतं तर गाडी पकडून घरी आलो असतो.

स्थळ बघणं

लेक देताना आम्ही एवढं बघितलं नव्हतं. त्या कामाचा माणूस धडधाकट पाहिजे, त्याला कावीळ झालेली नको, साखर नको, पोटाची तक्रार नको, कित्येक महिन्यांत कॅप्सूल खाल्लेली नको, व्यसन नको. रक्त तपासायचं, तेही तपासायचं, घरच्यांची माहिती घ्यायची. फक्त पत्रिका तेवढी मागितली नाही.

जावई पहिला तयार झाला. भला माणूस, पण रोज ऑफिसात वडापाव आणि वरनं ॲसिडिटीची गोळी. नापास. मग गावाकडनं माझा पुतण्या बोलावला. अंगानं पैलवान, बघितल्यावर वाटावं ह्याचं सोनंच असणार. त्याच्यात जंत निघाले. तो फार खट्टू झाला. गाडीत बसताना मला म्हणाला, "आप्पा, गावात सांगू नगा." सांगितलं नाही, इथं लिहिलं आहे.

पंधरा दिवस गेले. मी शोभाच्या दिवाणावर वाळत चाललो होतो. पेज आणि ताक. खालच्या गल्लीत मिसळीचं दुकान आहे, सकाळी कटाचा वास तीन मजले चढून यायचा आणि मी पेजेच्या वाटीत तोंड घालून बसायचो. जिवंतपणी नरक असेल तर तो मिसळीच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर आहे.

एक दिवस शोभा आली ती पदराला हात पुसत, माझ्याकडं न बघता म्हणाली, "मिळाला आप्पा. सगळ्यात पास."

"कोण?"

"हाय एक ओळखीचा."

"घराणं कसलं?"

"चांगलं हाय."

"खातोपितो काय?"

"तुमच्यासारखंच खातो की!" असं म्हणून आत निघून गेली. तिची आई काही लपवायची असली की अशीच पदराला हात पुसायची. पण मी लक्ष दिलं नाही. मला वाटलं, मुलीला लाज वाटत असेल.

पंधरा दिवसांनंतरची तारीख मिळाली. आदल्या दिवशी पोट धुवायचं पाणी प्यायला लावलं. मोठी बाटली, चव अशी की लिंबू आणि समुद्र यांचं भांडण लागलेलं. माझं पोट मुळातच रिकामं, त्यात हे. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. भिंत चार इंचाचीच होती.

दवाखान्यातला डबा

सकाळी मला तो मागनं बांधायचा झगा घालून खाटेवर बसवलं. समोर टेबलावर नर्सनं काहीतरी आणून ठेवलं. टॉवेलात बांधलेलं. तिनं गाठ सोडली. आत स्टीलचा डबा निघाला. तिनं झाकण काढलं, आतनं दवाखान्याचा प्लास्टिकचा, फिरकीच्या झाकणाचा डबा बाहेर काढला आणि आत घेऊन गेली. स्टीलचा डबा राहिला टेबलावर.

झाकणावर नाव कोरलेलं. सौ. हौसाबाई. खाली आमच्या गावाचं नाव. 'ह'ची शेपटी जरा वाकडी, कारण कोरणारा घाईत होता आणि हौसानं त्यावरनं त्याला भर बाजारात झापलं होतं.

मी झगा सावरत खाटेवरनं उतरलो. दार उघडलं. बाहेर बाकावर बाळू बसलेला. मला बघून उभा राहिला. दोन वर्षांत केस पांढरे झालेले, हात पुढं बांधलेले, पोरासारखा.

"ह्ये तुझं हाय व्हय?" मी विचारलं.

"व्हय दाजी."

"आन् डबा?"

"आक्काचाच हाय. शेवटच्या दिवाळीला तिनं कापण्या पाठवल्या हुत्या ह्यातनं. रिकामा डबा परत कसा द्यायचा? आन् भरून पाठवला तर तुमी घेणार न्हाय. म्हणून फळीवर तसाच हुता. आता म्हणलं, चाललोयच, तर ह्यातनंच न्यावं."

शोभा मध्ये आली. "आप्पा, मीच सांगितलं मामाला. आता काय बोलायचं ते मला बोला."

"गप ग. बाळू, मी तेराव्याला काय म्हणलो हुतो?"

"माझ्या घरचा घास तुमच्या पोटात गेला तर आक्काचा नवरा न्हाय म्हणला हुता."

"मग?"

"मग घास तोंडानं जातो दाजी. ह्यो त्या वाटंनं जाणारच न्हाय."

"वाट कुठली का असंना, पोट तेच की! आन् ते आलं कशातनं? तुझ्या घरच्या अन्नातनंच की न्हाय?"

"न्हाय." बाळूनं मान वर केली. "तपासणीत पास झालो त्या दिसापासनं मी घरचं खाल्लं न्हाय. शोभानं तुमच्या शेतातलं तांदूळ आन् नाचणी दिली हुती, तुमच्याच परड्यातलं कुळीथ. त्येच खातोय. सुमननं येगळ्या भांड्यात शिजवलंय. म्हणलं, शपथ मोडाय नगो."

सुमन म्हणजे त्याची बायको. मी तिथं झगा धरून उभा आणि डोक्यात नांगर फिरल्यासारखं झालं. तरी माझी खोड जाईना.

"पाणी?"

"नळाचं."

"मीठ?"

"दुकानातलं. नवी पुडी, घरात फोडलेली न्हवती."

"तेल?"

"दाजी, फोडणी न्हाय घातली ओ. पंधरा दिस बिनफोडणीचं कुळीथ खातोय मी!" आता त्याचा आवाज चढला. "आता काय वारा पण तुमच्या गावाचा आणू?"

डॉक्टरीणबाई दारात येऊन कधीच्या उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "काका, ते ताजं असतानाच वापरायचं असतं. तुमचा निवाडा लवकर करा." आणि मग हळूच, "नाचणी, कुळीथ, यांच्यावरच हे जंतू पोसतात. यांनी तुमचं काम नकळत चांगलंच केलंय."

मी डब्याकडं बघितलं. वाकडा 'ह'. मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. एवढं कळलं, की हौसाचा भाऊ तिचा डबा भरून घेऊन आला आहे आणि तो मी परत पाठवला, तर ती मला कुठंही असली तरी भर बाजारात झापेल.

"चला," मी म्हटलं आणि खाटेवर जाऊन कुशीवर झालो.

जागा झालो तेव्हा काम झालं होतं. बाई म्हणाल्या, जितका वेळ आत राहील तितकं चांगलं, निपचित पडून राहायचं. बाळूला माझ्याजवळ बसवलं. ही बाईंची एकमेव चूक. तो बसला आणि हळू आवाजात हुपरीच्या गाडीतली हकीकत सांगायला लागला. मांडीवर टॉवेलात बांधलेला डबा. शेजारचा पावणा विचारतो, काय घेऊन चाललाय? बाळू म्हणतो, दाजींना द्यायचंय. पावणा म्हणतो, घरचंच केलेलं असंल? बाळू म्हणतो, व्हय, स्वतः केलंय. पावणा म्हणतो, वास कसा येईना? बाळू म्हणतो, झाकण घट्ट हाय म्हणून तर बरं!

मी उशी दातात धरली. "बाळ्या, गप बस. सगळं बाहेर यील."

"दाजी, तुमी हसू नगा. पंधरा दिसाची मेहनत हाय माझी."

हुपरी

चौथ्या दिवशी सकाळी उठलो आणि लक्षात आलं, की रात्रभरात आपण एकदाही उठलो नाही. नवव्या दिवशी जे झालं ते बघायला मी शोभाला हाक मारणार होतो, पण आवरलं. बाई म्हणाल्या, रान बसतंय, आता त्याला खाद्य घाला, आणि न विचारता कॅप्सूल खाल्लीत तर मी स्वतः गावात येईन. महिनाभर शोभाकडं राहिलो. धोतर कमरेला थांबायला लागलं.

मग घरी जायच्या गाडीऐवजी मी हुपरीच्या गाडीत बसलो. दिशा अगदी उलटी. मांडीवर डबा. शोभानं तो उकळत्या पाण्यानं तीनदा धुतला होता, तरी गॅलरीतच ठेवला होता. वास्तविक डब्याला काही लागलंच नव्हतं, पण हे सांगून कोण ऐकतंय. रिकामा कसा न्यायचा म्हणून मी त्यात नाचणीचे लाडू भरून घेतले. गाडी एकदाही थांबवायला लागली नाही. मला जरा चुकल्यासारखंच झालं.

हुपरीत उतरलं की आधी कानाला कळतं. घराघरातनं बारीक हातोड्यांची टिकटिक. आमच्याकडं उंबऱ्यात बाया तांदूळ निवडतात, इथं कड्या जोडतात. बाळूच्या घरी शिरलो तर सुमन पुढं आली, पाया पडली, हातात डबा बघितला आणि दोन पावलं मागं सरली.

"लाडू हायत," मी म्हटलं.

"ह्याच डब्यातनं, दाजी?"

कुणी हात पुढं करेना. घरातली सगळी डब्याकडं अशी बघत होती, जणू आत साप आहे. मी एक लाडू काढून खाल्ला. मग बाळूनं एक उचलला आणि म्हणाला, "खावा ग, परकं काय न्हाय त्यात." सुमन पदर तोंडाला लावून आत पळाली. पण थोड्या वेळानं तिनंच दोन खाल्ले, मी बघितलं.

जेवायला बसलो. ज्वारीची भाकरी, आमटी, फोडणी मनसोक्त. सगळं त्याच्या घरचं, मीठसुद्धा फोडलेल्या पुडीतलं. पहिला घास घेतला आणि सगळे माझ्या तोंडाकडं बघत बसले. मी म्हटलं, "जेवा की. मागच्या दारानं आत घेतलंय, पुढच्या दारानं कशाला अडवू?"

जेवण झाल्यावर बाळू कामाला बसला. त्याच्या पाटाशेजारी भिंतीला खिळा, खिळ्याला दोऱ्यात अडकवलेली जोडव्यांची जोडी. जाड, जुन्या घडणीची. पैंजण करणाऱ्याकडं ती कशाला, म्हणून विचारलं.

"आक्काची," तो म्हणाला. "दवाखान्यात भेटलो तवा म्हणाली, बाळू, माझी झिजल्यात, पायातनं निघत्यात, नवी करून आण. तिच्या सांगण्यापरमाणं करत हुतो. गेल्याचा निरोप आला तवा एक व्हायची ऱ्हायली हुती. म्हणलं, घालूनच पाठवू. त्यातच तासभर गेला."

हातोडी चालूच होती. मला आता लिहिलंच पाहिजे. बाळूनं त्या दिवशी फोन केला होता. मी उचलला. तो म्हणाला, दाजी, तासभर थांबा, निघालोय. मी फोन बंद करून खिशात टाकला आणि लोकांना म्हणालो, उचला. कुणी विचारलं, हुपरीचं आलं का? मी म्हणालो, त्यांचं काय खरं नाही. तिला अंगणात तशी निजलेली मला बघवत नव्हती. एवढंच कारण. दुसरं काही नाही. हे मी बाळूला सांगितलं.

"मला म्हाईत हाय," तो म्हणाला. "फोन उचलल्यालं कळालं हुतं की."

"मग दोन वर्षं बोलला का न्हाईस? तेराव्याला एवढं बोललो तवा तरी?"

"सगळ्यांसमोर?" बाळूनं फुंकर मारून चांदीची पूड उडवली. "आक्काचं मालक तुमी."

त्यानं जोडवी खिळ्यावरनं काढली, कागदात गुंडाळली आणि माझ्या खिशात घातली. मला नाक शिंकरायचं होतं, ते शिंकरलं.

हौसाची एक सवय होती. कुणाकडं गेली की एखादं भांडं मुद्दाम मागं ठेवून यायची. तिचं म्हणणं, आपलं भांडं तिथं असलं की त्यांनाही यायला निमित्त आणि आपल्यालाही जायला. मी तिला विसरभोळी म्हणायचो.

गाडीची वेळ झाली. मी स्टँडवर आलो, खिडकीजवळ बसलो. गाडी सुरू झाली आणि बाळू पळत आला, चपला हातात, काखेत डबा.

"दाजी! डबा ऱ्हायला की ओ!"

गाडी हलली होती. त्यानं डबा खिडकीपर्यंत उचलला, मी हात पुढं केला नाही.

"बाळू, आत काय हाय?"

त्यानं पळता पळता झाकण उघडून बघितलं. लाडू सगळे संपले होते.

"काय न्हाय. रिकामा हाय."

"मग रिकामा डबा परत देतोस व्हय रं?"

तो थांबला. रस्त्याच्या मधोमध, डबा छातीशी धरून. वाकड्या 'ह'चं झाकण माझ्याकडं होतं. गाडी वळेपर्यंत ते दिसत होतं.